रोज जवळ बाळगायची छोटी रिचार्जेबल टॉर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या रिचार्जेबल टॉर्चविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. आधी एका शब्दाचा खुलासा करणे आवश्यक आहे. मराठीत पुष्कळ जण टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात आणि तिच्यात जे घालतात त्यालाही ‘बॅटरी’च म्हणतात. त्यामुळे ‘बॅटरी लवकर गरम होते’ या तक्रारीचे दोन अर्थ निघतात आणि दोन्हींची उत्तरे अगदी वेगळी आहेत. या पानावर हातात धरायच्या वस्तूला टॉर्च आणि तिच्या आत बसणाऱ्या नळकांडीला सेल म्हटले आहे.

१. मोबाइलमध्ये टॉर्च असताना वेगळी टॉर्च कशाला घ्यायची?

पायरी बघण्यापुरता किंवा कुलूप उघडण्यापुरता मोबाइलचा प्रकाश पुरतो, आणि तेवढीच गरज असेल तर वेगळा खर्च करू नये. मात्र मोबाइलच्या दिव्यापुढे प्रकाश एका दिशेने नेणारा परावर्तक नसतो. त्याचा उजेड चहूकडे पसरतो आणि काही मीटरांच्या पुढे निरुपयोगी ठरतो. शिवाय वीज गेलेली असताना किंवा वाट चुकलेली असताना मोबाइलचा चार्ज संपर्कासाठी राखून ठेवणे हे प्रकाशापेक्षाही महत्त्वाचे असते. टॉर्च हातातून पडली, भिजली किंवा तेलकट हातांनी धरावी लागली तरी तिचे फारसे बिघडत नाही, हाही फरक लहान नाही.

२. रोजच्या वापराला किती लुमेन पुरतात?

लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी. (लुमेन हे टॉर्चमधून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप.) झोपलेल्या माणसाला न उठवता खोलीतून जायचे असेल तर १ लुमेनपेक्षाही कमी प्रकाश पुरतो, कारण अंधाराला सरावलेले डोळे फार संवेदनशील असतात. कपाटात किंवा टेबलाखाली काही शोधायला १० ते ३० लुमेन, पायवाटेने चालायला ५० ते १५० लुमेन आणि मोकळ्या जागेत थोडे लांबचे पाहायला ३०० ते ५०० लुमेन असा ढोबळ अंदाज धरता येतो. त्याहून अधिक प्रकाश अधूनमधून क्षणभर लागतो.

आकड्यांची तुलना करताना डोळ्यांचा स्वभाव लक्षात ठेवावा. उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी लुमेन साधारण चौपट व्हावे लागतात. म्हणून ८०० आणि १००० लुमेनच्या दोन टॉर्च शेजारी शेजारी लावल्या तरी बहुतेकांना फरक कळत नाही, आणि केवळ त्या २०० लुमेनसाठी महाग टॉर्च घेण्यात अर्थ नाही. टॉर्च निवडताना तिचा सर्वांत मंद मोड किती लुमेनचा आहे हे आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रोज हाताला तोच लागतो, आणि नेमका तोच अनेक टॉर्चमध्ये डोळे दिपवण्याइतका प्रखर असतो.

३. माझ्या टॉर्चचे लुमेन जास्त आहेत, तरी मित्राच्या टॉर्चचा झोत जास्त लांब का जातो?

लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश, तर कँडेला म्हणजे तो एका दिशेने किती एकवटला आहे त्याचे माप. तेवढेच लुमेन मोठ्या व खोल परावर्तकाने अरुंद झोतात बांधले की लांब जातात आणि छोट्या, खडबडीत परावर्तकाने किंवा भिंगाने पसरवले की जवळचा परिसर उजळतात.

खोक्यावरचे झोताचे अंतर बहुधा एएनएसआय एफएल-१ या टॉर्चच्या मोजमापांच्या मानकाप्रमाणे दिलेले असते. ज्या अंतरावर प्रकाशाची तीव्रता ०.२५ लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतकी उरते, ते हे अंतर. हिशेब सोपा आहे: कँडेलाचे वर्गमूळ काढून त्याची दुप्पट केली की मीटर मिळतात. १०,००० कँडेलाच्या टॉर्चचे अंतर अशा रीतीने २०० मीटर येते. परंतु पौर्णिमेच्या उजेडात समोर काहीतरी आहे एवढेच कळते, ते काय आहे हे नीट ओळखता येत नाही. निम्म्या अंतरावर तीव्रता चौपट असते, म्हणून खोक्यावरच्या अंतराचा निम्मा भागच कामाचा धरावा. खिशात बाळगायच्या टॉर्चला अंतरापेक्षा पसारा अधिक उपयोगी पडतो, कारण तिची बहुतेक कामे दहा मीटरांच्या आतच असतात.

४. खोक्यावर १००० लुमेन लिहिले आहे, पण दोन-तीन मिनिटांत प्रकाश कमी होतो. टॉर्च बिघडलेली आहे का?

नाही. बहुतेक वेळा ती ठरवल्याप्रमाणेच वागत असते. हा प्रश्न सर्वाधिक येतो, म्हणून त्याचे कारण सविस्तर देतो.

पांढऱ्या एलईडीला दिलेल्या विजेचा बराच मोठा भाग प्रकाशात न जाता उष्णतेत जातो. छोट्या टॉर्चसाठी १ वॉटला सुमारे १०० लुमेन असा हिशेब धरला, तर १००० लुमेनसाठी जवळजवळ १० वॉट खर्च होतात. अंगठ्याएवढी जाड आणि बोटाएवढी लांब धातूची नळी हातात धरवेल इतक्या तापमानाला राहून काही थोडे वॉटच बाहेर टाकू शकते. उरलेली उष्णता आत साठत जाते. ती वेळीच रोखली नाही तर एलईडीचे आणि सेलचे आयुष्य घटते आणि हाताला चटका बसतो. म्हणून टॉर्चमधले सर्किट ठरावीक वेळानंतर किंवा ठरावीक तापमानाला प्रकाश आपोआप उतरवते. वाऱ्यात किंवा थंडीत तीच टॉर्च अधिक वेळ प्रखर राहते, तर टेबलावर नुसती ठेवली तर लवकर उतरते, कारण हाताकडूनही उष्णता वाहून नेली जाते.

तेव्हा खरेदीपूर्वी विचारायचा प्रश्न असा: प्रकाश उतरल्यानंतर ही टॉर्च किती लुमेनवर स्थिर राहते आणि किती वेळ? चांगले उत्पादक वेळेनुसार प्रकाशाचा आलेख देतात. उतरल्यानंतर आलेखाची रेघ बराच वेळ सपाट राहत असेल, तर आतले सर्किट चांगले आहे. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत घसरतच असेल, तर सेल उतरत जाईल तसा प्रकाशही मंदावत जाणार. १५०० लुमेनवरून १५० वर येणाऱ्या टॉर्चपेक्षा ८०० वरून ३५० वर येऊन दोन तास तेथेच टिकणारी टॉर्च केव्हाही श्रेष्ठ.

बिघाडाची शंका कधी घ्यावी? मधल्या किंवा मंद मोडमध्येही प्रकाश काही मिनिटांत कमी होत असेल, किंवा टॉर्च गार असतानाच लुकलुकत असेल, तर प्रश्न १५ पाहा.

५. ‘१००० लुमेन, ३ तास’ असे लिहिले असेल तर तीन तास १००० लुमेन मिळतात का?

मिळत नाहीत, आणि तरीही ते विधान मानकानुसार खोटे नसते. प्रश्न ३ मध्ये आलेल्या मानकाप्रमाणे टॉर्च सुरू करून ३० सेकंद झाल्यावरचा प्रकाश आधारभूत मानतात आणि तो १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा काळ रनटाइम म्हणून मोजतात. पाच मिनिटे १००० लुमेन आणि उरलेला वेळ जेमतेम १५० लुमेन देणारी टॉर्चही या व्याख्येत बसते. म्हणून सर्वांत प्रखर मोडचा रनटाइम पाहूच नये. १०० ते ३०० लुमेनच्या मधल्या मोडचा पाहावा, कारण तेथे प्रकाश सहसा स्थिर असतो.

६. ऑनलाइन अगदी स्वस्तात ५०,००० लुमेन आणि ९,९०० एमएएचच्या टॉर्च दिसतात. त्या खऱ्या असतात का?

खिशात मावणाऱ्या टॉर्चबाबत हे दोन्ही आकडे अशक्य आहेत, आणि ते पडताळायला उपकरण लागत नाही, गुणाकार पुरतो. एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, हे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचे माप. १८६५० आकाराच्या (या आकड्याचा अर्थ प्रश्न ७ मध्ये आहे) चांगल्या सेलची क्षमता ३,५०० एमएएचच्या आसपास, फार तर त्याहून थोडी अधिक असते. तिला ३.६ व्होल्टने गुणले की १२.६ वॉट-तास एवढी ऊर्जा मिळते. १ वॉटला १०० लुमेन धरले तर संपूर्ण सेलमध्ये सुमारे १,२६० लुमेन-तास आहेत, म्हणजे ३०० लुमेनने वापरल्यास चार तास आणि १०० लुमेनने वापरल्यास बारा तास. ५०,००० लुमेनला ५०० वॉट लागतील. असा एक सेल थोड्या वेळासाठी काही दहा वॉटच देऊ शकतो आणि ५०० वॉट देऊ शकला असता तरी दीड मिनिटात रिकामा झाला असता. मोटारीचा हॅलोजनचा एक दिवा साधारण १,००० ते १,५०० लुमेनचा असतो, एवढे आठवले तरी असल्या दाव्यांची किंमत कळते.

हाती आलेल्या सेलची परीक्षा तराजूवर करता येते. अस्सल १८६५० सेलचे वजन साधारण ४५ ते ४८ ग्रॅम असते. ३० ग्रॅमच्या आसपास भरणाऱ्या सेलवर काहीही छापले असले तरी आत ऐवज कमी आहे. आणि जेथे क्षमतेचा आकडा खोटा असतो तेथे सुरक्षेची हमीही धरू नये. मला या प्रश्नात पैशांपेक्षा तीच बाब अधिक गंभीर वाटते, कारण लिथियम-आयन सेल हा निकृष्ट चालवून घेण्याचा पदार्थ नाही.

७. १४५००, १८६५०, २१७०० हे आकडे कशाचे? माझ्यासाठी कोणता बरा?

पहिले दोन अंक सेलचा व्यास आणि पुढचे दोन त्याची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतात, तर शेवटचे शून्य तो गोल नळकांडीच्या आकाराचा आहे एवढेच दर्शवते. १४५०० हा नेहमीच्या पेन्सिल सेलच्या आकाराचा असून त्याची क्षमता ८०० ते १,००० एमएएच असते. २१७०० मध्ये ५,००० एमएएचपर्यंत क्षमता मिळते, पण त्या सेलचेच वजन ७० ग्रॅमच्या आसपास भरते.

टॉर्च शर्टाच्या किंवा पँटच्या खिशात कायम राहणार असेल तर १४५०० ची घ्यावी. पिशवीत, गाडीत किंवा दाराजवळच्या खुंटीवर राहणार असेल तर १८६५० किंवा २१७०० ची घ्यावी. मोठी टॉर्च सर्व बाबतींत सरस असते, परंतु ती जड म्हणून घरी ठेवली जाते आणि अंधारात हाताशी नसते, असा अनुभव इतक्या जणांनी कळवला आहे की शंका असल्यास एक आकार लहानच घ्यावा, असे मी सुचवतो.

८. सेल काढता येणारी टॉर्च घ्यावी की सेल आतच बंद असलेली?

काढता येणारी. लिथियम-आयन सेल काही शे चार्जनंतर क्षमता गमावू लागतो, तर एलईडी हजारो तास चालते. सेल बंदिस्त असेल तर त्याच्याबरोबर उत्तम स्थितीतली टॉर्चही टाकून द्यावी लागते. किल्ल्यांच्या जुडग्याला लावायच्या अगदी चिमुकल्या टॉर्चचा याला अपवाद करता येईल, कारण तेवढ्या जागेत झाकण आणि आटे बसवणे कठीण असते.

मात्र ‘सेल काढता येतो’ एवढ्यावर थांबू नये. काही टॉर्चमध्ये सेलच्या एकाच टोकाला धन आणि ऋण दोन्ही ध्रुव असतात, आणि तसा सेल त्या उत्पादकाशिवाय कोठे मिळत नाही. शिवाय संरक्षक सर्किट असलेला सेल साध्या सेलपेक्षा काही मिलिमीटर लांब असतो. त्यामुळे आकडा तोच असूनही तो एखाद्या टॉर्चमध्ये बसत नाही किंवा झाकण पूर्ण लागत नाही. नवा सेल घेताना जुन्याची लांबी मोजून घ्यावी आणि टोक सपाट आहे की उंचवट्याचे, हेही पाहावे.

९. चार्ज संपला तर १४५०० च्या टॉर्चमध्ये साधा पेन्सिल सेल घालता येईल का? आणि उलट केले तर?

आकार सारखा असला तरी व्होल्टेज सारखे नसते, हे येथे निर्णायक आहे. साधा सेल १.५ व्होल्टचा, पुन्हा चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइडचा १.२ व्होल्टचा, तर पूर्ण चार्ज केलेला १४५०० लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टचा असतो. दोन्ही प्रकार चालतील असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असेल तरच अदलाबदल करावी. अशा टॉर्चमध्ये साध्या सेलवर प्रकाश कमी मिळतो, पण अडचणीच्या वेळी कोणताही सेल चालणे ही मोठीच सोय आहे. जी टॉर्च केवळ १.५ व्होल्टसाठी बनवली आहे, तिच्यात लिथियम-आयन सेल घातल्यास तिचे सर्किट तत्क्षणी जळू शकते.

एक धोक्याची सूचना: टॉर्चला स्वतःचे चार्जिंग पोर्ट असेल आणि आत साधा, पुन्हा चार्ज न होणारा सेल असेल, तर ती चार्जिंगला कधीही लावू नये. तो सेल गळू किंवा फुटू शकतो.

१०. प्रकाश निळसर पांढरा चांगला की पिवळसर?

खोक्यावर केल्विनमध्ये दिलेला आकडा रंगछटा सांगतो. ६,५०० च्या आसपासचा प्रकाश निळसर, ४,००० ते ५,००० चा तटस्थ आणि ३,००० चा जुन्या बल्बसारखा पिवळसर असतो. पण रंग खरे दिसतील की नाही हे सीआरआय या वेगळ्या आकड्यावर ठरते. सर्वसाधारण टॉर्चचा सीआरआय ७० च्या आसपास असतो, तर ९० किंवा अधिक असलेल्या टॉर्चखाली लाल आणि तपकिरी वायर वेगळ्या ओळखू येतात आणि जखमेचा लालपणा मातकट दिसत नाही. त्याच विजेत लुमेन काहीसे कमी मिळतात. तो तोटा, प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे, डोळ्यांना जाणवतही नाही. रोजच्या वापरासाठी मी तटस्थ छटा आणि ९० च्या पुढचा सीआरआय हीच जोडी सुचवीन.

११. बटण मागे असावे की बाजूला? आणि किती मोड असावेत?

मागचे खटक्याचे बटण हातमोजे घालूनही दाबता येते आणि बहुधा वीजप्रवाह खरोखरच तोडते. बाजूच्या इलेक्ट्रॉनिक बटणाने मोड बदलणे सोपे जाते, परंतु ते खिशात चुकून दाबले जाते. ५०० लुमेनच्या वर सुरू राहिलेली टॉर्च खिशाच्या कापडाला चिकटून असेल तर कापड करपते आणि मांडीला भाजते. म्हणून बाजूचे बटण असलेल्या टॉर्चला कुलूप-मोड हवाच. बहुतेक टॉर्चचे मागचे झाकण पाव फेरा सैल केले तरी प्रवाह तुटतो आणि हा उपाय अधिक खात्रीचा आहे.

मोड चार पुरेत: अतिमंद, मंद, मध्यम, प्रखर. लुकलुकणारा स्ट्रोब मोड नेहमीच्या क्रमात मध्येच येत असेल तर ती टॉर्च घेऊ नये, कारण प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या व्यक्तीला तो अपायकारक ठरू शकतो आणि इतरांनाही त्रासदायक होतो.

१२. आयपीएक्स-४, आयपीएक्स-७, आयपीएक्स-८ यांत फरक काय?

आयपीएक्स-४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण, आयपीएक्स-७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे, आणि आयपीएक्स-८ म्हणजे त्याहून कठीण कसोटी, जिची खोली व वेळ उत्पादकाने सांगायची असते. एक्सच्या जागी ६ असेल तर धुळीपासूनही पूर्ण संरक्षण आहे. पावसात वापरायला आयपीएक्स-४ देखील चालते. चार्जिंग पोर्टवरचे रबरी झाकण उघडे राहिले, किंवा आट्यांजवळचे रबरी कडे कोरडे पडून चिरले, तर हे आकडे लागू राहत नाहीत. त्या कड्याला वर्षातून एकदोनदा सिलिकॉन ग्रीस लावावे.

१३. पोर्ट यूएसबी-सी आहे, तरी मोबाइलच्या नव्या चार्जरवर टॉर्च चार्ज होत नाही. असे का?

दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेल्या केबलमध्ये चार्जर आधी समोर उपकरण आहे की नाही याची खात्री करतो आणि मगच वीज सोडतो. त्यासाठी उपकरणाच्या पोर्टमागे ५.१ किलोओहमचे दोन रोधक बसवावे लागतात. काही उत्पादक हे अगदी किरकोळ किमतीचे भाग वगळतात, आणि मग चार्जरला टॉर्च दिसतच नाही. एका टोकाला जुने, रुंद यूएसबी असलेली केबल लावली की टॉर्च व्यवस्थित चार्ज होते, कारण त्या बाजूने ५ व्होल्ट न विचारता मिळतात. यात टॉर्चचे नुकसान काहीच नाही, पण प्रवासात एक जास्तीची केबल वागवावी लागते. खरेदीपूर्वी ‘सी ते सी केबलने चार्ज होते का’ असे विक्रेत्याला अवश्य विचारावे. १८६५० सेलची टॉर्च १ अँपिअरने पूर्ण चार्ज व्हायला सुमारे चार तास लागतात.

१४. अडीअडचणीसाठी चार्ज करून कपाटात ठेवली तर वर्षभराने चालेल का?

ते बटणावर अवलंबून आहे. लिथियम-आयन सेल स्वतःहून महिन्याला एक ते तीन टक्केच उतरतो. मात्र इलेक्ट्रॉनिक बटणाच्या टॉर्चचे सर्किट बंद असतानाही किंचित वीज घेत राहते. ती ०.०५ मिलिअँपिअर असेल तर ३,५०० एमएएचचा सेल संपायला सुमारे आठ वर्षे लागतील. परंतु निकृष्ट रचनेत ती १ मिलिअँपिअर असेल तर सेल पाच महिन्यांत रिकामा होईल. झाकण पाव फेरा सैल करून ठेवणे हा येथेही उपाय आहे.

पूर्ण भरलेला सेल, त्यातही उष्ण जागी, लवकर म्हातारा होतो. नुसता साठवायचा असेल तर निम्मा भरलेला ठेवावा. अडचणीच्या वेळी लागणारी टॉर्च निम्मी रिकामी ठेवणे मात्र पटत नाही, म्हणून ती ८० टक्क्यांच्या आसपास भरून दर तीन महिन्यांनी तपासावी. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत ती ठेवू नये. ०° सेल्सिअसखाली चार्ज करणे सेलला कायमची इजा करते, वापरणे मात्र चालते. विमानप्रवासात सुटे सेल हातातल्या सामानातच आणि टोके झाकून न्यावे लागतात. १०० वॉट-तासांची मर्यादा या सेलना अडत नाही, कारण ५,००० एमएएचचा २१७०० सेलही १८ वॉट-तासांचाच असतो. तरी आपल्या विमान कंपनीचे नियम पाहून घ्यावेत.

१५. टॉर्च लुकलुकते किंवा अचानक बंद पडली आहे. सेल गेला असे समजायचे का?

आधी आटे आणि स्पर्शबिंदू पाहावेत, कारण दोष बहुतेकदा तेथेच असतो. सेल काढून दोन्ही टोके, आतली स्प्रिंग आणि झाकणाची कड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसावी, वाळू द्यावी आणि झाकण घट्ट बसवावे. कुलूप-मोड चुकून लागला आहे का, हेही पाहावे.

तरीही टॉर्च चालत नसेल तर सेलचे व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे. ३ व्होल्टच्या वर असेल तर चार्ज करून पाहावे. २.५ व्होल्टच्या खाली जाऊन बराच काळ पडून राहिलेला सेल पुन्हा जिवंत करण्याचा प्रयत्न करू नये, कारण आत झालेली इजा चार्ज करताना शॉर्टसर्किट घडवू शकते. फुगलेला, चेपलेला किंवा वेष्टण फाटलेला सेल व्होल्टेज ठीक दाखवत असला तरी बाजूला काढावा, त्याच्या टोकांना चिकटपट्टी लावावी आणि तो ई-कचरा संकलनात द्यावा, घरच्या कचऱ्यात टाकू नये.